जनीशी बोलायचं

२२ नोव्हेंबर १९८२

केळवलीला शटल गाडीतून उतरले. तिथून साळवटपर्यंत बांधाबांधानं चालत. भात झोडून झालंय. खाचरं उघडी पडलीत.

गौराबाईंच्या ओटीवर जागा मिळाली आहे. आठवड्यातून चार दुपारी. आज सात-आठ बायका आल्या, पोरं काखेत घेऊन. पहिला दिवस म्हणून जयाबाई कर्जतहून बरोबर आल्या होत्या. संस्था त्यांचीच. मला घराबाहेर काढलं तेही त्यांनीच — "हलिमा, मॅट्रिक झालेली बाई तू, दिवसभर भिंतीकडे बघत बसतेस. ये माझ्याकडे." गेले. नाही म्हणायलाही ताकद लागते.

जयाबाईंनी बायकांना सांगितलं, "तीन वर्षांपर्यंत मेंदू वाढतो तेवढा पुढं उभ्या जन्मात वाढत नाही. पोराशी बोला. खेळा. न्हाऊ घालताना, भाकरी थापताना, सारखं काहीतरी बोलत राहा."

गौराबाई म्हणाल्या, "मंग आमच्याशी कोन बोललं? आमी काय येड्या निघालो?"

सगळ्या हसल्या. जयाबाईही. मी तोंड हसरं केलं.

निघताना एकीनं विचारलं, "ताई, तुला पोरं किती गं?"

"एक. मुलगा. मुनीर."

"केवढा?"

"दोन वर्षांचा."

जयाबाई पुढं गेल्या होत्या. त्यांनी ऐकलं नाही. मुनीर गेल्या वर्षी तापानं गेला, वर्षाचा असताना. हे मी सांगितलं नाही. का, ते माहीत नाही. तोंडातून तसं आलं.

२३ नोव्हेंबर

रज्जाक दुकान बंद करून आला. "कसं होतं?" "बरं." जेवलो.

२६ नोव्हेंबर

जुम्मा. रज्जाक नमाजनंतर कबरस्तानात जातो. आमच्यात बायका जात नाहीत. परत येतो तेव्हा चपलांना लाल माती असते. मी चपला झटकून ठेवते. त्यावर आम्ही बोलत नाही. आम्ही नवरा-बायको कशावरच बोलत नाही!

आणि दुपारी साळवटला जाऊन बायकांना सांगते — बोला.

३० नोव्हेंबर

आज घरोघर गेले. एका घरात पोर खांबाला बांधलेलं. जुन्या लुगड्याची पट्टी कमरेला, दुसरं टोक खांबाला. मुलगी. दोनेक वर्षांची. रडत नव्हती. भुईवर बोट फिरवत होती. आई अंगणात पेंढा रचत होती. नाव सुंदरा. माझ्याच वयाची असेल. "काय नाव हिचं?" म्हटलं. "जनी." पुढं काही नाही.

मी हाक मारली — जनी! मान वर नाही. पुन्हा मारली. नाही.

आतून सासू आली, धोंडूबाई. म्हणाली, "तिचा नाद सोड. ती कोनाशी बोलत नाय नि कोनाकडं बघत नाय. मानी हाय. भावाला खाऊन आलीय."

सुंदरासमोर म्हणाली! सुंदरा पेंढा रचत राहिली.

मला चहा दिला. कप वेगळा, ओटीच्या कोनाड्यातला. प्याले. धुऊन ठेवला.

१ डिसेंबर

गौराबाईंकडून कळलं. सुंदराला जुळी झाली होती — मुलगा आणि ही. मुलगा बारशाआधीच गेला, ही राहिली. म्हणून सगळा गाव म्हणतो, भावाला खाल्लं. जनीला खायला घालतात, न्हाऊ घालतात. वाईट वागवत नाहीत. फक्त तिच्याशी कोणी बोलत नाही. बाप पोशा मोहोपाड्याला कारखान्यात आहे, तिथंच खोली. रविवारी येतो.

ऐकलं. काही वाटलं नाही. पूर्वी वाटलं असतं. कुणाचंही काही ऐकून रडणारी होते मी. रज्जाक चिडवायचा.

७ डिसेंबर

पोरांना खांबाला बांधू नका म्हणाले तर गौराबाई भडकल्या. "मंग काय चुलीत पडू दे? विहिरीत पडू दे? तू येतेस का माझी भाजी खुरपाया?"

बरोबरच आहे त्यांचं. शेवटी त्यांनीच मार्ग काढला — दोन म्हाताऱ्यांनी आळीपाळीनं ओटीवर बसायचं, सगळी पोरं तिथंच सोडायची. बायका शेतावर. नारळाच्या करवंट्या, फुटक्या बांगड्या नाही — साबूत बांगड्या, रिठ्याच्या बिया घातलेला पत्र्याचा डबा. ही खेळणी. डबा हलवला की पोरं खिदळतात.

कुणीतरी म्हणालं, "ताई, तुझा मुनीर कशानं खेळतो गं?"

"पप्पांच्या दुकानातल्या बत्तीच्या जाळ्यांनी. फाडून ठेवतो."

सगळ्या हसल्या. रज्जाकचं स्टोव्ह-बत्त्या दुरुस्तीचं दुकान आहे हे त्यांना माहीत आहे. मुनीर खरंच फाडायचा. एवढं खरं.

१६ डिसेंबर

मुनीर साळवटमध्ये वाढतोय. प्रशिक्षणात सांगितलंय, सव्वादोन वर्षांचं मूल काय करतं. त्याप्रमाणे तो करतो. दोन शब्द जोडतो. पायरी चढताना एकच पाय पुढं टाकतो. काल त्यानं "अम्मी, दे" म्हटलं. बायका ऐकतात आणि घरी जाऊन आपापल्या पोरांशी तसं करतात. पुस्तकातलं सांगितलं की जांभया देतात. मुनीरचं सांगितलं की नाही.

मला वाईट वाटायला हवं. वाटत नाही. बरंही वाटत नाही. शटलमध्ये बसून उद्या त्याला काय येईल ते ठरवते, एवढंच.

२१ डिसेंबर

जनीला मांडीवर घेतलं. सुंदरानं अडवलं नाही. ओटीच्या कडेला बसून तिच्याशी बोलत राहिले — हा कावळा. ही तुझी आई, बघ, डोक्यावर पाटी. हे माझं नाक. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. इतकं टक लावून कोणी बघत नाही. शेवटी तिनं माझ्या ओठांवर बोट ठेवलं.

धोंडूबाई बघत होती. म्हणाली, "तुझ्याकडं बघते गं ही! आमच्याकडं नाय बघत."

१४ जानेवारी १९८३

संक्रांत. बायकांनी मला तिळगूळ दिला. धोंडूबाईनंही दिला, हातात. चहाही दिला, घरातल्याच कपात. बहुतेक लक्षात आलं नाही तिच्या. किंवा आलं असेल.

गौराबाईंचा नातू धाऊ, दोन महिन्यांपूर्वी नुसता ऊं ऊं करायचा, आज आजीला म्हणाला, "म्हातारे, लाडू." गौराबाईंनी सगळ्या आळीला बोलावून ऐकवलं. पुन्हा म्हण रं, पुन्हा म्हण. तो म्हणेना! सगळ्या कौतुकानं माझ्याकडे बघायला लागल्या.

जनी मात्र तशीच. दीड महिना झाला. आवाज करते, शब्द नाही. जयाबाई म्हणाल्या, "दोन वर्षं कोणी बोललं नाही तिच्याशी. भरून यायला वेळ लागेल. सोडू नकोस." नाही सोडलं. दुसरं आहे काय मला.

२ फेब्रुवारी

सुंदरा आता येऊन बसते. कामं संपवून, कडेला. बोलत नाही. आज मी म्हटलं, "तू हाक मार तिला." मान हलवली — नाही.

"का गं?"

"बघत नाय ती माझ्याकडं."

"मारून तर बघ."

उठून गेली.

१० फेब्रुवारी

रज्जाक आज दुपारीच घरी आला. मी साळवटहून नुकती परतले होते. उभा राहिला, बसला नाही.

"एक म्हातारी आली होती दुकानात. साळवटची. स्टोव्ह घेऊन."

मला कळलं.

"मुनीर कुठाय म्हणाली. त्याला खाऊ आणला होता तिनं." त्यानं पुडी पुढं केली. भाजलेले पोहे आणि गूळ. धोंडूबाईच्या हातचे. "मी सांगितलं तिला."

"काय?"

"आहे ते."

पुडी फळीवर ठेवली. आता तो ओरडेल असं वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तू त्यांना सांगितलंस तो बोलतो?"

"हो."

"काय काय बोलतो?"

मी सांगितलं. पायरीचं सांगितलं. "अम्मी, दे" सांगितलं. जाळ्या फाडतो ते सांगितलं. दुकानातल्या पान्याला काय म्हणतो ते सांगितलं. तो खाली बसला आणि ऐकत राहिला. मध्ये एकदा म्हणाला, "पान्याला असं म्हणेल खरा." मग उठून दुकानात गेला.

मुनीर गेल्यापासून आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो.

१४ फेब्रुवारी

ओटी रिकामी. गौराबाईंनी दार पुरतं उघडलंच नाही. फटीतून म्हणाल्या, "ताई, तुझ्यावर राग नाय गं. पन बायका भितात. तुझं पोर राहिलं नाय नि तू आमची पोरं मांडीवर घेतेस... नि मेलेल्या पोराला जितं करून बोलत बसलीस. असं कोन करतं?"

कोण करतं, खरंच.

मी म्हटलं, "पोरांशी बोलत राहा. एवढंच."

"ते बोलतो," म्हणाल्या आणि दार लावलं.

केळवलीला शटल उशिरा आली. बसून राहिले. ऊन लागत होतं ते पण नंतर कळलं.

१५ फेब्रुवारी

जयाबाईंना सांगितलं. त्यांना आधीच कळलं होतं. चष्मा काढून पुसत बसल्या. मुनीरच्या वेळी दवाखान्यात त्या माझ्याजवळ होत्या. म्हणाल्या, "चूक माझी आहे. मला वाटलं, पोरांमध्ये राहिलीस तर सावरशील. विचारलंच नाही तुला." मग म्हणाल्या, "मोहोपाड्याला कामगारांच्या कॉलनीत वर्ग सुरू करतोय. तिथं तुला कोणी ओळखत नाही. जातेस?"

तिथंही पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारेल, पोरं किती.

"बघते," म्हटलं.

२१ फेब्रुवारी

खेळणी आणायला म्हणून साळवटला गेले. करवंट्या, डबा, सगळं पिशवीत भरत होते. मागं सुंदरा येऊन उभी राहिली. जनी कडेवर.

"चाललीस?"

"हो."

खाली बसली. जनीला भुईवर सोडलं. मग बोलायला लागली. इतके दिवस न बोललेली बाई! मी लिहून ठेवते, नाहीतर वाटेल मी हेही रचलं.

"माझापन ल्योक गेला, ताई. तुझा गेला तं लोक तुला बिचारी म्हनतात. माझा गेला तं म्हनाले, खानारी तुझ्याच मांडीवर बसलीय, तिला पाज. मी पाजलं. पन त्या राती मी देवाला बोलले. मोठ्यानं बोलले, ही माझ्या कुशीत होती. म्हटलं, हिला ने नि त्याला ठेव. तवापास्नं ही माझ्याकडं बघत नाय. हाक मारली तं मान वळवत नाय. तिनं ऐकलंन ते, ताई. आईच असं बोलली तं ती काय म्हनून बोलेल माझ्याशी?"

मी म्हटलं, इतक्या लहान बाळाला कळत नाही.

"तूच सांगतेस ना, बाळाला समदं कळतं! मेंदू सगळं धरून ठेवतो!"

हो. मीच सांगते. जयाबाईंनी शिकवलं तसं.

पिशवीतून करवंट्या पुन्हा बाहेर काढल्या. एवढंच सुचलं.

२४ फेब्रुवारी

आता सुंदराच्या पडवीत बसते. एकच आई, एकच पोर. वाटलं होतं धोंडूबाई हाकलून देईल. ती म्हणाली, "येऊ दे तिला. ह्या पोरीचं आनि काय वंगाळ व्हायचं ऱ्हायलंय?" मग माझ्याजवळ येऊन हळूच, "पोहे टाकलेस का गं?"

"नाही. ठेवलेत."

"खाऊन टाक. मऊ पडतील."

रात्री मी आणि रज्जाकनं खाल्ले. मऊ पडले होते.

११ मार्च

सुंदरा बोलायला लागलीय जनीशी. आधी लाजत, पदर तोंडावर घेऊन. आता नाही. मातीत पाणी कालवताना, केस विंचरताना. जनी तिच्या ओठांवर बोट ठेवते, माझ्या ठेवते तसं. पण मागून हाक मारली की तेच. दगड! सुंदराचा चेहरा पडतो. म्हणते, "बग. राग हाय तिचा."

जयाबाईंना कळवलं, मोहोपाड्याला इतक्यात नको.

२८ मार्च

शिमगा. गावातली पोरं ढोल, पत्र्याचे डबे वाजवत घरोघर पोस्त मागत फिरत होती. सुंदराच्या पडवीत शिरली आणि ढोल असा बडवला की कौलं हलली. शेजारच्या घरातली पोरं रडायला लागली. धाऊ गौराबाईंच्या लुगड्यात शिरला. सुंदरानं कानांवर हात ठेवले.

जनी गोधडीवर झोपली होती, ढोलापासून हातभरावर. झोपूनच राहिली.

पोरं गेली. मी पैसे द्यायला विसरले म्हणून त्यांच्या मागं जात होते. सुंदरानं माझा हात धरला. नखं रुतली.

"ताई, ही उठली नाय."

"गाढ झोपली असेल."

"नाय. बग."

आत गेली, पितळी परात आणली आणि झोपलेल्या जनीच्या डोक्यामागं दगडावर आपटली. मीच दचकले. धोंडूबाई बाहेर धावली. जनी झोपलेली. श्वास संथ.

सुंदरानं पुन्हा आपटली. पुन्हा. परातीला पोचा पडला. धोंडूबाईनं तिच्या हातातून ती काढून घेतली.

माझ्या कसं लक्षात आलं नाही? तीन महिने मांडीवर घेतलेली पोर!

३० मार्च

जयाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मीच म्हटलं तुला, कोणी बोललं नाही म्हणून. कान बघायचं मला सुचलं नाही." पनवेलला कानाचे डॉक्टर आहेत, त्यांना चिठ्ठी दिली. पोशा रजा काढून येणार आहे.

रज्जाक म्हणाला, "मी येऊ का बरोबर?" दुकान कधी बंद न ठेवणारा माणूस. म्हटलं, नको. पण विचारलंस ते बरं वाटलं. असं मोठ्यानं म्हटलं त्याला.

३ एप्रिल

सुंदरा म्हणते, झोप येत नाही. मी विचारलं, कसली भीती वाटते? म्हणाली, "ऐकू येत असलं तं? मंग राग खरा ठरंल."



६ एप्रिल

पनवेल. डॉक्टर म्हातारे, शांत. जनीच्या मागं घंटा वाजवली, चिमट्यासारखा लोखंडी काटा वाजवला, कानाला नळ्या लावल्या. बराच वेळ घेतला. मग म्हणाले, जन्मापासून ऐकू येत नाही. दोन्ही कान. कानाचं यंत्र बघू, मुंबईला अशा मुलांची शाळा आहे, तिथं दाखवा. तोंडासमोर बसून बोलत राहा, ती बघून शिकेल. पोशा मान खाली घालून ऐकत होता.

एस्टी स्टँडवर बाकड्यावर बसलो. पोशा तिकिटाचं विचारायला गेला. सुंदरानं मला विचारलं, "जन्मापास्नं म्हनाले ना?"

"हो."

"मंजे म्हातारी बोलायची ते? गाव बोलला ते?"

"नाही ऐकलं."

"नि मी त्या राती..."

"नाही. एक शब्दही नाही."

"कायसुदा नाय ऐकलं तिनं!"

ओरडली. सगळा स्टँड वळून बघायला लागला. पोशा धावत आला. सुंदरानं जनीला छातीशी आवळून धरलं, तिचे कान चुंबत राहिली, हा नि तो, हा नि तो. हसत होती का रडत होती, सांगता येईना.

मी रडले. पनवेलच्या स्टँडवर, भर दुपारी, सगळ्यांसमोर. थांबेचना.